गादी ओली करणारं मोठं मूल: रात्रीचा गुंता दिवसा सुटतो

उन्हाळ्याची सुट्टी लागते, मामाचा फोन येतो, सगळी भावंडं जमणार असतात. आणि आठ-नऊ वर्षांचं एखादं मूल जायलाच तयार होत नाही. "मला तिथे करमत नाही," म्हणतं. कारण आईला ठाऊक असतं, मुलालाही ठाऊक असतं, पण घरात त्याचा उच्चार होत नाही. मामाकडे सगळे हॉलमध्ये ओळीने गाद्या टाकून झोपतात. आपली गादी सकाळी ओली निघाली तर काय, ही भीती त्या मुलाला सुट्टीआधी महिनाभर पोखरत असते.

या दुखण्याबद्दल घरोघरी बोललं जात नाही, म्हणून प्रत्येक आईबापाला वाटतं की हे फक्त आपल्याच घरात आहे. सात वर्षांच्या शंभर मुलांमध्ये पाच ते दहा जण अजून अंथरूण ओलं करतात. दुसरीच्या ५० जणांच्या वर्गात अशी तीन-चार मुलं सहज असतात. मुलींपेक्षा मुलगे साधारण दुप्पट. यांतल्या बहुतेकांवर चांगला उपाय आहे. मात्र तो ज्या क्रमाने करायला हवा, त्याच्या उलट्या क्रमाने आपण करतो.

किती वयानंतर याला दुखणं म्हणायचं?

पाच वर्षांपर्यंत रात्री शू होणं हा वाढीचाच भाग आहे, तिथे औषध नको आणि काळजीही नको. पाचच्या पुढे हे महिन्यातून काही वेळा, महिनोन्‌महिने होत राहिलं तर डॉक्टर त्याला 'एन्युरेसिस' असं नाव देतात. हे नाव फाइलवर दिसलं तर घाबरू नका. झोपेत नकळत लघवी होणं, एवढाच त्याचा अर्थ.

एक फरक मात्र नीट लक्षात ठेवायचा. जे मूल कधीच सलग सहा महिने कोरडं राहिलेलं नाही, त्याची गोष्ट वेगळी. जे सहा महिने किंवा त्याहून जास्त काळ कोरडं होतं आणि आता पुन्हा सुरू झालं, त्याची गोष्ट वेगळी. पहिल्या प्रकारात घाई नसते. दुसऱ्या प्रकारात मागे काय घडलं हे शोधावंच लागतं.

टाकी, पंप आणि वॉचमन

एखाद्या सोसायटीच्या गच्चीवरची टाकी डोळ्यासमोर आणा. खालून पंप पाणी चढवतो. टाकी भरत आली की वॉचमनला घंटा ऐकू येते आणि तो उठून पंप बंद करतो. टाकी ओसंडायला तीनच कारणं असतात: टाकी लहान आहे, पंप रात्रीही पूर्ण जोरात चालू आहे, किंवा घंटा वाजूनही वॉचमन उठत नाही.

मुलाच्या शरीरात टाकी म्हणजे मूत्राशय, पंप म्हणजे मूत्रपिंडं आणि वॉचमन म्हणजे मेंदू. मोठ्या माणसाच्या मेंदूतून रात्री एक संप्रेरक जास्त सुटतं, ते मूत्रपिंडांना सांगतं की आता पाणी राखून ठेव, लघवी कमी कर. म्हणून आपण सात-आठ तास न उठता झोपू शकतो. काही मुलांत हा रात्रीचा निरोप उशिरा सुरू होतो. त्यांचा पंप रात्रभर दिवसासारखाच चालतो. काहींची टाकी वयाच्या मानाने कमी धरते किंवा अर्धी भरली की आपोआप आकुंचन पावते. आणि जवळजवळ सगळ्यांतच वॉचमन उठत नाही. 'हा किती गाढ झोपतो' असं आपण म्हणतो, पण यातल्या बऱ्याच मुलांची झोप खरं तर तुटक आणि थकलेली असते. मूत्राशय रात्रभर ढोसत राहतं, मेंदू पुरता जागा होत नाही आणि पुरता झोपतही नाही.

या तिन्हींपैकी तुमच्या मुलात कोणतं कारण मोठं आहे, यावर उपाय ठरतो. शेजारच्या मुलाला लागू पडलेली गोळी तुमच्या मुलाला लागू पडत नाही, ती याच कारणाने.

मुद्दाम करत नाही कशावरून?

झोपलेलं मूल काहीच मुद्दाम करू शकत नाही, हे पहिलं उत्तर. दुसरं उत्तर वारशाचं आहे. आईवडिलांपैकी एकाला लहानपणी हा त्रास असेल तर मुलाला तो असण्याची शक्यता साधारण ४४ टक्के. दोघांनाही असेल तर ७७ टक्के. कोणालाच नसेल तर १५ टक्क्यांच्या आसपास. आजीला एकदा विचारून बघा. आणि वडिलांना होता असं निघालं, तर वडिलांनीच मुलाला जवळ घेऊन ते सांगावं. "मलापण दहा वर्षांचा होईपर्यंत व्हायचं" हे एक वाक्य मुलाच्या मनावरचं जेवढं ओझं उतरवतं, तेवढं कोणतंही औषध उतरवत नाही.

शिक्षेने हे थांबत नाही, उलट लांबतं. चादर मुलाकडूनच धुवून घेणं, ओली गादी सगळ्यांना दिसेल अशी गॅलरीत टाकणं, धाकट्या बहिणीचं उदाहरण देणं, हे बंद व्हायला हवं. कोरड्या रात्रीला बक्षीस लावणंही चुकीचं, कारण ती रात्र मुलाच्या हातात नाही. शाबासकी द्यायची ती त्याच्या हातातल्या गोष्टींना: सकाळी पाणी प्यायला, झोपण्याआधी शू करून आला, चादर बदलायला हात लावला.

आधी डॉक्टरकडे कधी जायचं?

लघवीची एक साधी तपासणी सगळ्यांचीच करून घ्यावी. पण पुढचं काही दिसलं तर वाट पाहू नये. मूल अचानक घटाघट पाणी पिऊ लागलं, वजन उतरलं, थकल्यासारखं दिसतं, न्हाणीघरात लघवीला मुंग्या लागतात: हा लहान मुलांतला मधुमेह असू शकतो, त्याच दिवशी रक्तातली साखर तपासा. उलट्या किंवा जोराचा श्वास सुरू झाला तर थेट रुग्णालय गाठा. लघवीला जळजळ, ताप, लाल रंग हे जंतुसंसर्गाकडे बोट दाखवतात. मुलाची धार बारीक असते, त्याला कुंथावं लागतं. मुलीची चड्डी दिवसभर थेंबथेंब ओली राहते. कमरेच्या खाली मणक्यावर खळगा किंवा केसांचा झुपका आहे. चालण्यात फरक पडलाय: यांना सोनोग्राफी आणि तज्ज्ञाची तपासणी लागते.

घोरणं आपण हसण्यावारी नेतो. नाकामागच्या गाठी आणि टॉन्सिल वाढलेले असले की झोपेत श्वास अडतो, हृदयावर ताण येतो आणि त्या ताणातून लघवी वाढवणारं संप्रेरक सुटतं. तोंड उघडं टाकून घोरणाऱ्या मुलाला कान-नाक-घसा डॉक्टरांना दाखवा.

हे मानसिक आहे का, असं हमखास विचारलं जातं. जन्मापासून चालू असलेल्या त्रासात बहुतेक वेळा नसतं. लाज आणि भित्रेपणा त्यातून येतात, त्यांच्यामुळे तो त्रास होत नाही. पण कोरडं झालेलं मूल पुन्हा सुरू झालं तर घरातला मृत्यू, भांडणं, नवं बाळ, शाळेतली दमदाटी यांकडे पाहावं. त्यासोबत मूल एखाद्या माणसाला किंवा जागेला घाबरू लागलं असेल तर शांतपणे, न रागावता बोलतं करा. मुलांसाठीची हेल्पलाइन १०९८ याच कामासाठी आहे.

दोन दिवसांचं मोजमाप

शाळा नसलेले दोन दिवस निवडा. एक मापाचं प्लास्टिकचं भांडं आणि एक वही घ्या. दिवसभर प्रत्येक वेळी मुलाने त्या भांड्यात शू करायची आणि वेळ व माप लिहायचं. किती वाजता काय प्यायला आणि शी कधी, कशी झाली, तेही लिहायचं.

वयात एक मिळवा आणि तीसने गुणा: तेवढे मिलिलिटर मूत्राशयात मावायला हवेत. आठ वर्षांच्या मुलासाठी ते २७० मिली. (हे सूत्र बारा वर्षांपर्यंत, ३९० मिलीपर्यंतच चालतं.) सकाळची पहिली शू सोडून दिवसातला सगळ्यात मोठा आकडा पाहायचा. तो १७५ च्याही खाली राहतो, मूल तासातासाला पळतं, पाय आवळून उभं राहतं, तर टाकी लहान.

रात्रीचं मोजायला डायपर लावा. कोरड्या डायपरचं वजन स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर आधी करून ठेवा, सकाळी ओल्याचं करा. फरकाचा एक ग्रॅम म्हणजे साधारण एक मिलिलिटर. त्यात सकाळची पहिली शू मिळवा. आठ वर्षांच्या मुलात ही बेरीज ३५० मिलीच्या पुढे वारंवार जात असेल तर पंप जोरात आहे. हे वहीतलं पान डॉक्टरांसमोर ठेवलंत तर निम्मं निदान तिथेच होतं.

शीचा आणि शूचा काय संबंध?

खूप मोठा संबंध आहे, आणि सगळ्यात जास्त दुर्लक्ष इथेच होतं. मलाशय मूत्राशयाच्या अगदी मागे, चिकटून असतं. दप्तरात मोठा डबा कोंबला की शेजारची पाण्याची पिशवी दबते, तसंच हे. खडा झालेला मळ साचला की मूत्राशयाला फुगायला जागा राहत नाही.

"पण तो रोज जातो," हे उत्तर पुरेसं नाही. रोज जाऊनही पोट पूर्ण साफ होत नसेल तर मळ साचतोच. खूप जाड शी होते, लेंड्यांसारखे खडे पडतात, जाताना दुखतं, चड्डीला डाग लागतात: यातलं एकही असलं तरी बद्धकोष्ठ धरून चाला. डॉक्टर बहुधा पाण्यात विरघळणारी पॉलिइथिलीन ग्लायकॉलची पावडर देतात. ती मळ मऊ ठेवते, आतड्याला सवय लावत नाही. चूक इथे होते की आठ दिवसांत शी नीट झाली की आपण ती बंद करतो. ताणलं गेलेलं मलाशय पूर्वपदावर यायला काही महिने लागतात.

न्याहारी किंवा जेवणानंतर वीस-तीस मिनिटांनी आतडं आपणहून हालचाल करतं. तेव्हा मुलाला पाच-दहा मिनिटं निवांत बसू द्या. भारतीय पद्धतीचा संडास यासाठी उत्तम. कमोड असेल तर पायाखाली पाट किंवा स्टूल द्या, लोंबकळत्या पायांनी पोट साफ होत नाही. महाराष्ट्रात २०२४-२५ पासून चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी ९ च्या आधी भरवू नयेत असा शासनाचा निर्णय आहे, त्यामुळे लहानांना सकाळी हा वेळ काढता येतो. मोठ्या वर्गांची शाळा सातची असेल तर रात्रीच्या जेवणानंतरची वेळ ठरवा.

संध्याकाळी पाणी बंद केलं की झालं ना?

नुसतं बंद करून काही होत नाही. आपल्याकडच्या शाळकरी मुलाचा दिवस पाहा. सकाळी अर्धा कप दूध. बाटली भरलेली जाते, तशीच परत येते, कारण शाळेतल्या स्वच्छतागृहात घाण असते, पाणी नसतं, कडी लागत नाही. मुली तर सहा-सहा तास शू दाबून ठेवतात. पाचला घरी आल्यावर मूल दोन-तीन ग्लास एका दमात पितं, आठला जेवताना आणखी, झोपताना दूध. दिवसभराचं पाणी पाच तासांत. मग ते रात्री बाहेर येणारच, आणि दिवसभर तहानलेल्या मुलाचं संध्याकाळचं पाणी तोडणं हा त्याच्यावर अन्याय आहे.

म्हणून सुरुवात सकाळपासून करायची. चार ते आठ वर्षांच्या मुलाला दिवसभरात सगळे द्रव मिळून १ ते १.४ लिटर लागतं. नऊ ते तेरा वयात मुलींना १.२ ते २.१ आणि मुलग्यांना १.४ ते २.३ लिटर. यातलं ४० टक्के दुपारी बाराच्या आत, ४० टक्के बारा ते पाच, उरलेलं २० टक्के पाचनंतर. झोपण्याच्या आधीच्या दीड-दोन तासांत घोटापुरतंच. शाळेला निघताना एक ग्लास, मधल्या सुट्टीत एक, डब्यासोबत एक, असं मुलाशी ठरवून घ्या. वर्गशिक्षिकेला एकट्यात भेटून सांगा की याला विचारल्याबरोबर सोडत जा.

रात्रीचं दूध सकाळी हलवा. दूध वाईट नाही. पण त्यातली प्रथिनं आणि क्षार बाहेर टाकायला मूत्रपिंडांना पाणी खर्चावं लागतं. संध्याकाळचा फरसाण, वेफर्स, लोणचं यांतल्या मिठाचंही तेच. मुलाला पाचचा चहा देत असाल तर तो पूर्ण बंद करा. तिळाचे लाडू हा घरगुती उपाय पिढ्यान्‌पिढ्या सांगितला जातो. खाऊ म्हणून जरूर द्या, मात्र त्यांच्या भरवशावर वर्ष घालवू नका.

दिवसा दर दोन-अडीच तासांनी शू, म्हणजे दिवसात सहा-सात वेळा. मुलींनी चड्डी गुडघ्यांखाली सोडून, मांड्या फाकवून बसावं आणि घाई न करता पूर्ण मोकळं व्हावं. शू रोखून धरण्याचे व्यायाम पूर्वी सांगत. आता सांगत नाहीत. झोपताना एकदा, दिवा मालवण्याआधी पुन्हा एकदा.

एवढ्यावरच चार-सहा आठवड्यांत काही मुलं कोरडी होतात. आणि जी होत नाहीत, त्यांना पुढचा उपाय याच पायावर नीट लागू पडतो.

रात्री दोनला उठवून नेलं तर?

गादी वाचते, पण मूल शिकत नाही. अर्धवट झोपेत, खांद्यावर टाकून नेलेलं मूल झोपेतच शू करतं. वॉचमनला काहीच कळलेलं नसतं. पाहुण्यांकडे किंवा प्रवासात जरूर उठवा. रोजचा इलाज म्हणून मात्र स्वतःची झोप मोडू नका.

वॉचमनला शिकवणारा अलार्म

गोळीपेक्षा टिकाऊ परिणाम याचा. १९३८ पासून अभ्यासलेला उपाय आहे, आणि नीट वापरला तर तीनपैकी साधारण दोन मुलं कोरडी होतात. मूल सहा-सात वर्षांचं आणि स्वतः तयार असायला हवं. आठवड्यातून एखाद-दोनदाच ओलं होत असेल तर शिकायला संधीच कमी मिळते, तिथे याचा उपयोग कमी.

ओलावा ओळखणारी छोटी क्लिप चड्डीला लागते आणि वाजणारा भाग खांद्याजवळ शर्टाला. चड्डी सुती आणि अंगाबरोबर हवी. ढगळ असली तर क्लिपला ओल उशिरा लागते. मुलग्यांना पुढे वरच्या बाजूला, मुलींना खाली मध्यभागी. उकाड्यात घामानेही वाजतो, तेव्हा पंखा हवा आणि क्लिप दुहेरी कापडावर लावावी.

पहिले दोन-तीन आठवडे वाजल्यावर सगळं घर उठतं आणि ज्याला उठवायचं तेच मूल झोपलेलं असतं. लोक इथेच हार मानतात. तुम्ही त्याच खोलीत झोपा. वाजताच मुलाला उभं करा, तोंडावर ओला हात फिरवा, बटण त्यालाच बंद करू द्या. तुम्ही बंद केलंत तर शिकवणी फुकट गेली. मग त्याने चालत जाऊन उरलेली शू करायची, चड्डी बदलायची, क्लिप पुन्हा लावायची.

प्रगती ओल्या डागाच्या मापात दिसते. आधी चादरभर, मग ताटाएवढा, मग चड्डीपुरता, मग रुपयाएवढा. काही मुलं पुढे वाजण्याआधीच उठतात, काही सकाळपर्यंत कोरडी झोपतात, दोन्ही चालतं. चार आठवड्यांत यातलं काहीच दिसलं नाही तर थांबून डॉक्टरांशी बोला. दिसलं तर सलग १४ कोरड्या रात्री होईपर्यंत चालू ठेवा, त्याला बहुधा तीन महिने लागतात. बंद केल्यावर पुन्हा ओलं होऊ लागलं तर पुन्हा लावा, दुसऱ्या वेळी लवकर जमतं.

गोळीने कायमचं बरं होतं का?

डेस्मोप्रेसिन नावाची गोळी रात्रीचा तो राहिलेला निरोप मूत्रपिंडांना देते. पंप जोरात असलेल्या मुलांत ती पहिल्या आठवड्यातच काम करते. पण बंद केली की बऱ्याच मुलांत त्रास परततो, म्हणून दर तीन महिन्यांनी आठवडाभर थांबवून पाहतात. डोस डॉक्टरच ठरवतील.

तिच्याबाबत एक नियम मोडायचा नाही. गोळीच्या एक तास आधीपासून पुढचे आठ तास मिळून एका छोट्या ग्लासाहून, म्हणजे २०० मिलीहून जास्त पाणी नाही. गोळी पाणी आत धरून ठेवते. वरून जास्त पाणी प्यायलं तर रक्तातलं सोडियम उतरतं आणि डोकेदुखी, उलट्या, झटक्यांपर्यंत वेळ येते. ताप, उलट्या, जुलाब असतील त्या दिवशी गोळी द्यायची नाही. याच औषधाचा नाकात मारायचा फवारा या त्रासासाठी वापरू नये, त्यात हा धोका जास्त आहे. जुन्या चिठ्ठ्यांवर इमिप्रामिन दिसतं. ते हृदयावर परिणाम करतं आणि जास्त गेलं तर जिवावर बेततं. तज्ज्ञाने सांगितल्याशिवाय नाही, आणि धाकट्या भावंडाचा हात पोचेल अशा जागी तर नाहीच.

आपोआप जाणार असेल तर एवढं कशाला?

दर वर्षी अशा शंभर मुलांतली साधारण १५ आपोआप कोरडी होतात, हे खरं. म्हणजे उरलेली ८५ आणखी एक वर्ष ओल्या गादीत उठतात. आणि शंभरात एखाद्याला हे मोठेपणीही चिकटून राहतं. मुलाला स्वतःला त्रास वाटत नसेल तर थांबायला हरकत नाही. तो सहलीला, मामाकडे जायचं टाळत असेल तर थांबू नका.

गादी आणि वसतिगृह

पावसाळ्यात गादी वाळत नाही, म्हणून अंथरूण दोन थरांत घाला: गादी, मेणकापड, चादर, त्यावर पुन्हा मेणकापड आणि चादर. रात्री ओलं झालं की वरचा थर ओढून काढायचा, खालचा तयार असतो. मूल हे काम दोन मिनिटांत स्वतः करू शकतं. चादर आधी गार पाण्यात खळबळून मग साबणात टाका, वास बसत नाही. डायपर किंवा पुल-अप लावल्याने सवय लागते ही भीती सोडा. प्रवासात आणि परीक्षेच्या दिवसांत खुशाल वापरा. अलार्म चालू असताना मात्र नको.

नवोदय विद्यालयात सहावीत प्रवेश मिळालाय, किंवा आश्रमशाळेत, वसतिगृहात जून-जुलैत जायचंय, तर फेब्रुवारीतच सुरुवात करा. अलार्मला तीन महिने द्यावेच लागतात. तोवर जमलं नाही तर गोळी घरी दोन आठवडे वापरून, लागू पडते का ते पाहून मगच सोबत द्या. अधीक्षकांना किंवा मावशींना मुलासमोर, पण इतर मुलांच्या माघारी सांगा: खालचा पलंग, संडासाच्या बाजूचा. ट्रंकेत दोन गडद रंगाच्या चादरी, मेणकापड, चेनची एक जाड पिशवी, सहा चड्ड्या. आणि उशाशी विजेरी, कारण अंधाऱ्या व्हरांड्यातून एकट्याने शूला जायची भीती हेही गादी ओली होण्याचं एक कारण असतं.